कालची वाट नको

१

खाणीच्या तळाशी ड्रोन बसलं होतं ते अगदी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं. पंख्याचं एक पातं मोडलेलं नाही, अंगावर ओरखडा नाही. पोटाखालची औषधांची पेटी शोधणाऱ्यांनी काढून नेली होती, तीसुद्धा सीलबंद सापडली म्हणे. तक्रार एवढीच, की त्याने डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरायचं होतं आणि ते या उजाड खड्ड्यात उतरलं होतं.

"तिसरं," ताई म्हणाली. "पहिलं नदीच्या वाळूत, दुसरं जंगलात, हे इथे."

मामी चपला हातात घेऊन उतार उतरत होती. ती कॉलेजात गेम थिअरी शिकवायची. म्हणजे दोन माणसं एकमेकांवर डाव टाकत असतील, तर कुणी केव्हा काय टाकावं याचं गणित. घरातले मात्र तिला पत्त्यांत कुणी भिडू मिळत नाही म्हणून ही विद्या शिकली असं म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

कंपनी ताईची. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधून डोंगरापलीकडच्या छोट्या हॉस्पिटलला रोज सकाळी औषधं पोचवायची. गाडीरस्ता वळणावळणाचा, जाऊन-येऊन अर्धा दिवस खाणारा. ड्रोन तेच काम चहा निवेपर्यंत करायचं.

"मामी, तूच सांगितलं होतंस," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ड्रोनला दगड मारता येतो, जाळं टाकता येतं, खोटा सिग्नल देऊन फसवता येतं. सगळ्या वाटेवर पहारा ठेवणं आपल्याला झेपणार नाही. म्हणून तीन वाटा ठेवायच्या. नदी, खाण, जंगल. रोज सकाळी चिठ्ठी काढायची. दबा धरून बसणाऱ्याला कुठे बसायचं तेच कळणार नाही."

"सांगितलं होतं."

"मग त्याला तीनदा कळलं कसं?"

मामी ड्रोनभोवती फिरली. मातीत बुटांचे आणि सपाट चपलांचे ठसे होते. ते शोधायला आलेल्यांचे, ताईने खुलासा केला. ड्रोन हरवलं की हॉस्पिटलची जुनी व्हॅन निघायची. व्हॅनवाले काका आणि पलीकडच्या हॉस्पिटलातल्या स्टोअरबाई, दोघं बिचारी ऊन-वारा न बघता शोधत फिरायची.

"आज कुठली वाट हे उडायच्या आधी तिघांनाच कळतं," ताई म्हणाली. "मला, ड्रोन उडवणाऱ्या घारीला आणि धाकट्याला. मोठे डॉक्टर म्हणतात, परवा सकाळपर्यंत घरभेदी शोधा, नाहीतर ड्रोन बंद, पुन्हा व्हॅन सुरू."

"तुझा कुणावर संशय आहे?"

ताईने खाणीच्या कडेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि मामीने ते बघू नयेत असं तिला वाटत होतं.

"धाकट्यावर," ती म्हणाली.

२

धाकटा म्हणजे ताईचा सख्खा भाऊ. दोघंही भाचरं सुट्टीत मामीकडेच वाढलेली. तेव्हा घरात सायकल एक होती आणि बसणारे दोन, त्यामुळे मामी दगड-कागद-कात्रीवर निकाल लावायची. आता वाटून घ्यायला सायकलीऐवजी कंपनी होती, एवढाच काय तो फरक.

ऑफिसात तो बॅग भरत होता. संगणकाच्या वायरी, चहाचा मग, पायमोजे असं काहीही त्यात कोंबत होता.

"मामी, तू तिच्या बाजूने आलीस की माझ्या?"

"मी चहाच्या बाजूने आलेय. बॅग ठेव. दगड-कागद-कात्री."

ही मामीची जुनी खोड. तपास असो की लग्नाची बोलणी, समोरच्या माणसाशी आधी दोन डाव खेळायची. माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगतो, हाताला तेवढं जमत नाही, असं तिचं मत होतं. धाकट्याने दगड टाकला, मामीनेही दगड. पुढच्या डावाला धाकट्याने कागद टाकला आणि मामीने कात्री.

"दर वेळी कशी जिंकतेस गं?"

"एकदा टाकलेलं माणूस लगेच पुन्हा टाकत नाही. तू दगड टाकलास, म्हणजे पुढे कागद नाहीतर कात्री. मी कात्री टाकली की हरत तर नाहीच. आता सांग, भांडण कशावरून?"

भांडण नोकरीवरून होतं. एका बड्या कंपनीने धाकट्याला बोलावणं धाडलं होतं. त्याने ते ताईपासून लपवलं, तिने ते ऐकलं, आणि रागाच्या भरात तो बोलून गेला की तुझी कंपनी बुडाली तरी मला फरक पडत नाही. दुसऱ्याच दिवशी पहिलं ड्रोन वाळूत सापडलं.

"जाणार आहेस तिकडे?"

"तेव्हाच नाही म्हणून कळवलं. पण हे तिला आता सांगितलं तर घाबरून सांगतोय असं वाटेल." त्याने पायमोजा बॅगेतून काढला, पुन्हा आत टाकला. "मी सगळे पासवर्ड बदललेत मामी. दर वेळी. कुणी आत शिरल्याची खूण नाही. बाहेरून कुणीतरी खोटा सिग्नल देतंय, एवढं नक्की. पण त्याला नेमक्या वाटेवर थांबायचं कसं कळतं, इथे माझी मती गुंग होते."

"चिठ्ठी आंधळी आहे ना पण?"

"आंधळीच. ताईने सांगितलेला एक बारीक बदल सोडला तर."

मामीने कप खाली ठेवला.

"सलग दोन दिवस नदी आली की ताई वैतागायची. हे कसलं रँडम, म्हणायची, रोज तीच वाट असेल तर कुणीही पकडेल. म्हणून कालची वाट वगळायला शिकवलं प्रोग्रामला. तरी दोन उरतातच ना? त्यातली कुठली येणार हे मलाही सांगता येत नाही."

ते खरं होतं. दोनातली एक तीनदा बरोबर ओळखायला नशीब जोरावर लागतं. इतक्या नशीबवान माणसाने ड्रोन कशाला पाडावं, हे मामीला कळेना.

३

घारीचं खरं नाव काय ते तिच्या पगाराच्या कागदाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नजर तीक्ष्ण, बोलणं त्याहून तीक्ष्ण. ती अंगणात ड्रोनच्या बॅटऱ्या पुसत बसली होती. मामीशी दोन्ही डाव हरली आणि त्याचा राग तिने बॅटऱ्यांवर काढला.

"रोज चार्ज करावं लागतं यांना. महिनाभर नुसत्या पडून राहिल्या तर मान टाकतात. माणसांसारख्या नाहीत, की पडून राहिली की ताजीतवानी."

"ड्रोनला कसं कळतं कुठे उतरायचं?"

"गच्चीवर आमचा हाक्या असतो." घारीने मुठीएवढी काळी डबी दाखवली. "हा तिकडच्या हाक्याचा भाऊ, यातही हीच बॅटरी. चालू केला की हाक मारत राहतो, इथे ये, इथे उतर. कानाने ऐकू येत नाही, ड्रोनलाच येते. धुक्यात नकाशा दगा देतो, म्हणून धाकट्याने सांगून ठेवलंय ड्रोनला, की हाक्याची हाक आली की बाकी सगळं विसरायचं."

"वाटेवरच्या लोकांचा काही त्रास? आवाजाचा वगैरे?"

"पूर्वी व्हायचा. खाणीजवळच्या वस्तीतले एक आजोबा तर दिवसाआड फोनवर माझा उद्धार करायचे. आता सगळे गप्प आहेत. खूश आहेत."

"कशामुळे?"

घारीने फडकं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. 

"असेच," ती म्हणाली आणि बॅटऱ्या उचलून आत निघून गेली.

४

दुसऱ्या दिवशी मामी व्हॅन मागून घेऊन पहाटेच डोंगरापलीकडे निघाली. ड्रोन पडली तर ज्याचा फायदा, त्याच्या शेजारी बसून जावं असा तिचा हिशेब होता.

व्हॅनवाले काका संशय घ्यायला अगदी सोयीचे होते. ड्रोन आलं आणि त्यांची रोजची फेरी गेली. आता ते मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी धोब्याकडे पोचवायचे. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा, आणि आरशात रस्ता कमी आणि स्वतःचे केस जास्त बघत होते.

"तुम्हाला राग येत असेल ड्रोनचा," मामीने खडा टाकून पाहिला.

"यंत्रावर काय रागवायचं. पण माणसांची ये-जा तुटते हो. स्टोअरबाईंना औषधं मोजून द्यायची, त्या सही करणार, मग चहा. इतकी वर्षं." काकांनी गिअर बदलला. "ड्रोन शोधायला त्या असल्या की हटकून सापडतं. इकडे वळा, तिकडे वळा, थांबा. मग एकट्याच पुढे जाऊन बघून येतात. त्यांची पिशवीसुद्धा मला उचलू देत नाहीत. मानी बाई आहेत."

"दगड-कागद-कात्री खेळता का?"

काका गाडी चालवता चालवता एका हाताने दोन्ही डाव हरले. शिवाय ड्रोन पडलं तेव्हा तिन्ही सकाळी ते धोब्याच्या दारात होते, याला धोबी आणि धोबीण दोघं साक्षीदार होते.

स्टोअरबाईंची स्कूटर दारात उभी होती आणि खोली टापटीप होती. कपाटांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षर. तीन बाजूंना तीन खिडक्या, एक नदीकडची, एक खाणीकडची, एक जंगलाकडची. बाई पन्नाशीच्या, हसतमुख, आणि बोलायला मोकळ्या.

"तिन्ही वेळा रुग्णांचं काही अडलं का हो?" मामीने विचारलं.

"नशीबच म्हणायचं. एकदा कापूस होता, एकदा पट्ट्या, काल हातमोजे. रक्त किंवा इन्सुलिन असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही." बाईंच्या अंगावर खरोखरच काटा आला. हे नाटक नाही, हे मामीच्या लक्षात आलं.

"आज काय येतंय?"

"आज रक्त आहे. दुपारी ऑपरेशन आहे." बाई उठल्या. "उकडतंय नाही?" असं म्हणून त्यांनी जंगलाकडची खिडकी उघडली.

बाहेर गार वारा सुटला होता. मामीने शाल आवळून घेतली. थोड्याच वेळात जंगलाच्या शेंड्यांवरून भुणभुण ऐकू आली आणि ड्रोन गच्चीवर येऊन अलगद उतरलं.

पेटी आणायला बाई गच्चीवर गेल्या तेवढ्यात मामी कपाटांवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरली. खालच्या काचेच्या कपाटावर लिहिलं होतं, जादा हाक्या, वापरलेला नाही. आत काळी डबी होती. तिच्या कोपऱ्यात बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा टवटवीत चमकत होता.

बाई परतल्यावर मामीने हात पुढे केला. "जाता जाता दोन डाव?"

पहिल्याला दोघींचे दगड. दुसऱ्याला मामीने नेहमीप्रमाणे कात्री टाकली. बाईंनी पुन्हा दगडच टाकला होता.

"तुम्ही बदललं नाहीत," मामी म्हणाली.

"तुम्हाला वाटलं मी बदलेन, म्हणून." बाई हसल्या. "सगळेच बदलतात, मॅडम. एकदा केलेलं लगेच दुसऱ्यांदा करायला माणसाला कसंतरीच वाटतं."

कित्येक वर्षांत मामी पहिल्यांदा हरली होती. व्हॅनमध्ये बसताना ती इतकी आनंदात होती, की काकांना वाटलं मॅडमना डोंगराची हवा मानवली.

५

परवाची सकाळ उजाडली. स्टोअरच्या खोलीत मोठे डॉक्टर घड्याळ बघत बसले होते. ताई एका कोपऱ्यात, बॅगेसकट धाकटा दुसऱ्या कोपऱ्यात. मधल्या जागेत दोघांचा अबोला ऐसपैस बसला होता. काका दारात उभे, स्टोअरबाई टेबलाशी. घार शहरात ड्रोनपाशी होती, तिला फोनवर घेतलं होतं.

मामीने कागदाच्या कपट्यावर एक शब्द लिहिला, घडी घातली आणि डॉक्टरांच्या कपाखाली सारली.

"घारे, आज कुठली वाट निघाली?"

"नदी," फोनमधून आवाज आला.

"डॉक्टर, कप उचला."

डॉक्टरांनी घडी उलगडली. त्यावर नदीच लिहिलं होतं. ताई आधी कपट्याकडे, मग मामीकडे बघायला लागली.

"मामी, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. धाकट्यानेही नाही. आणि उद्याचंही सांगते, खाण. मग जंगल, मग नदी. तुमची चिठ्ठी आंधळी नाही गं, ती गाडीच्या वेळापत्रकाला लाजवेल इतकी वक्तशीर आहे."

"शक्य नाही," धाकटा उठून उभा राहिला. "फक्त कालची वाट वगळलीय. दोन उरतात."

"घारे," मामी फोनकडे वळली, "आज चिठ्ठीचं बटण पुन्हा दाबलंस का?"

फोनमधून फडकं झटकल्याचा आवाज आला.

"एकदाच," अखेर घार म्हणाली. "आधी खाण आली होती. परवाच तर गेलो खाणीवरून. त्या आजोबांना दिवसाआड भुणभुण नको असते. म्हणून मी कुठल्याच वाटेवर दिवसाआड जात नाही. तसं आलं की पुन्हा दाबते. ते बटण खराब हवेसाठी आहे हे मला माहीत आहे, पण म्हातारा माणूस आहे, झोपू दे की त्याला सुखाने."

मामी धाकट्याला म्हणाली, "तू कालची वाट काढलीस. हिने परवाची काढली. तिनातून दोन गेल्या, बाकी किती?"

धाकट्याने तीन बोटं वर केली आणि दोन मिटली. एकीने सुरक्षेसाठी केलं होतं, दुसरीने शेजारधर्म म्हणून, आणि एकमेकींना पत्ताच नव्हता.

"म्हणजे घरभेदी कुणी नाहीच," मामी म्हणाली. "आकाशाकडे लक्ष ठेवून बसलेल्या कुणालाही वाट ओळखता आली असती."

ताईचा चेहरा पार उतरला होता. "कालची वाट नको, हे मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "याचं डोकं खाऊन करून घेतलं. आणि आळ याच्यावर घेतला."

"पण मग पाडलं कुणी?" डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली.

मामीने आपली खुर्ची ओढून स्टोअरबाईंच्या समोर घेतली.

६

"सगळे विचारत होते, वाट कुणाला माहीत होती," मामी म्हणाली. "मी विचारलं, पेटीत काय आहे हे कुणाला माहीत होतं? ड्रोन पडलं ते कापसाच्या दिवशी, पट्ट्यांच्या दिवशी, हातमोज्यांच्या दिवशी. रक्ताच्या दिवशी कधीच नाही. असं नशीब नसतं. पाडणाऱ्याला रुग्णांची काळजी होती. पण पेटी सीलबंद येते. आत काय आहे हे ताईला कळत नाही, धाकट्याला नाही, घारीला नाही, काकांना तर नाहीच नाही. ते कळतं ज्याने मागवलं त्याला."

मामीने खिडकीकडे बोट केलं.

"काल गार वारा असताना तुम्ही जंगलाकडची खिडकी उघडलीत, बाई. ड्रोन दिसायच्या आधी. वापरलेला नाही म्हणून चिठ्ठी लावलेल्या हाक्याची बॅटरी भरलेली आहे, आणि घार म्हणते की महिनाभर पडून राहिली तर ती मान टाकते. येताना स्कूटर वाटेत थांबवायची, हाक्या चालू करून गवतात ठेवायचा आणि वेळेवर कामाला हजर व्हायचं. ड्रोन हाक ऐकून शहाण्यासारखं उतरणार. मग शोधायला जायचं, एकट्याने पुढे होऊन हाक्या पिशवीत टाकायचा. म्हणून ती पिशवी कुणाला उचलू द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मला हरवलंत."

स्टोअरबाईंनी नाकारलं नाही. त्यांनी कपाट उघडलं, हाक्या काढला आणि टेबलावर ठेवला.

"ड्रोनला इजा होऊ दिली नाही," त्या म्हणाल्या. "मऊ जागा बघून ठेवायचे."

"पण का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांची नोकरी तुमची. कशासाठी हे?"

बाईंनी टेबलावरचा हाक्या सरळ केला. दाराकडे मात्र बघितलं नाही, आणि ते न बघणं इतकं कष्टाचं होतं की खोलीतल्या प्रत्येकाने आपसूक दाराकडे बघितलं. दारात व्हॅनवाले काका होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेले केस.

काकांना उमजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आधी ते वळून मागे कोण आहे ते बघून आले.

"माझ्यासाठी?" ते म्हणाले.

"ड्रोन आलं आणि तुमचं येणं थांबलं," बाई टेबलाशी बोलल्या. "सही घ्यायला कुणी येईना. चहा एकटीने प्यायचा. ड्रोन हरवलं की दिवसभर व्हॅनमध्ये तरी बसता यायचं."

"अहो, मग फोन करायचा," काका कळवळून म्हणाले. "चादरी काय, धोबी स्वतः नेईल. मी तर रोज देवाला म्हणत होतो, एखादं ड्रोन पडू दे."

घार फोनमधून खो खो हसली. डॉक्टरांनी हसू येऊ नये म्हणून कप तोंडाला लावला, पण तो केव्हाच रिकामा झाला होता.

"हसण्यावारी नेता येणार नाही," ते सावरून म्हणाले. "एखाद्या दिवशी यादी बदलली असती, पेटीत रक्त असतं, तर?"

"तर मी स्वतःला माफ केलं नसतं," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. द्याल ती शिक्षा घेईन."

"शिक्षा मी सुचवते," मामी म्हणाली.

७

बाईंची त्या वर्षीची बढती गेली आणि स्टोअरच्या किल्ल्यांना एक जोडीदार आला, ही डॉक्टरांची शिक्षा. मामीची शिक्षा वेगळी होती. आठवड्यातून एकदा रिकामं ड्रोन उडवायचं, आणि बाईंनी त्याला पकडून दाखवायचं. हवी ती वाट निवडायची, हव्या त्या युक्त्या करायच्या. पकडलं, तर आपल्या तटबंदीला कुठेतरी भोक आहे. इतकी हुशार शत्रू घरबसल्या मिळाली असताना तिला वाया घालवायचं नाही, असं मामीचं म्हणणं. बाईंची ने-आण करायला अर्थातच व्हॅन लागणार होती.

धाकट्याने ड्रोनला नवी शिस्त लावली. नुसत्या हाकेवर भुलायचं नाही, आधी खुणेचा शब्द विचारायचा, आणि तो शब्द रोज बदलायचा. कालची वाट वगळणारी ओळ त्याने ताईच्या समोर खोडली. घारीने आजोबांना फोन करून माफी मागितली आणि कानात घालायचे बोळे पाठवले. आजोबांनी कळवलं की बोळे छान आहेत, आता घरातल्यांचंही ऐकू येत नाही.

धाकट्याची बॅग मात्र भरलेलीच राहिली होती. ताई एका संध्याकाळी आली, तिने बॅग जमिनीवर उपडी केली आणि एकेक वस्तू जागेवर लावली. चहाचा मग, वायरी, पायमोजे.

"तू नाही म्हणून कळवलं होतंस, हे सांगायचं होतंस मला," ती म्हणाली.

"तू विचारायचं होतंस."

"चुकले मी. फार चुकले."

"पायमोजे तिथे नसतात, ताई," धाकटा म्हणाला, आणि दोघांनाही हसू फुटलं. कोपऱ्यात पेपर तपासत बसलेल्या मामीने चष्मा काढून विनाकारण पुसला.

मग परीक्षेची पहिली सकाळ आली. रिकामं ड्रोन अंगणात तयार होतं. ताई, धाकटा, घार आणि मामी संगणकाभोवती जमली. आदल्या दिवशी नदीची वाट आली होती. त्याच्या आदल्या दिवशीही नदीच.

धाकट्याने चिठ्ठी काढली. नदी.

ताईचा हात बटणाकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. घारीचाही हात निघाला होता. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"दाब की," धाकटा म्हणाला. "सलग तिसऱ्यांदा नदी. हे कसलं रँडम?"

"नाही दाबणार," ताई म्हणाली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून घेतलं. ड्रोन नदीच्या दिशेने उडालं तरी ती तशीच बसून होती.

बऱ्याच वेळाने मामीचा फोन वाजला. पलीकडे स्टोअरबाई होत्या.

"मॅडम, आम्ही खाणीत बसलोय. डबा खाऊन झाला, चहा झाला, पण ड्रोन काही आलं नाही. नदीवरून गेलं की काय?"

"नदीवरून गेलं."

"पुन्हा नदी?" बाई मनापासून हसल्या. मागे काका विचारत होते, अजून थोडा वेळ थांबून बघायचं का. "हरले हो मी, मॅडम. पुढच्या आठवड्यात परत येऊ."

मामीने फोन ठेवला आणि भाच्याकडे वळून मूठ पुढे केली.

"चहा कोण करणार? टाक."

"मी टाकते त्याच्याशी," ताई म्हणाली. तिने हात मांडीखालून काढले, ते बधिर झाले होते. पहिल्याला दोघांचे दगड पडले. दुसऱ्याला धाकट्याने मामीची युक्ती वापरून कात्री टाकली.

ताईचा दगडच होता. धाकटा मुकाट्याने उठला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं.